टप्पा इथे, बॉल तिथे: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे आहेत, गोल्फ कोर्स कडक होता, फास्ट होता आणि आमची पार वाट लागली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच. आधीच सांगून ठेवते, मला स्वतःला असा कोर्स प्रचंड आवडतो, त्यामुळे उत्तरं थोडी एकतर्फी वाटली तर वाटू देत.

प्रश्न: मी आठ वर्षं एकाच कोर्सवर खेळतोय, तिथली जमीन मऊ, बॉल पडला की तिथेच बसतो. हँडिकॅप १४, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या शॉटपेक्षा) साधारण १४ जास्त. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर एका एकदम भारी मेन्टेन केलेल्या कडक कोर्सवर खेळलो आणि ९९ शॉट लागले. शॉट खराब नव्हते हो! ७ आयर्नचा शॉट बरोब्बर पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) अंतरावर पडायचा आणि बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मागे, कधी बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) तर कधी झाडीत. एक क्लब कमी, म्हणजे थोडा जवळ मारणारा, घ्यायचा, एवढंच ना?

उत्तर: एवढंच असतं तर तुम्ही तिसऱ्या होललाच सुधारला असतात की.

तुमच्या नेहमीच्या कोर्सवर बॉल पडतो तेव्हा ग्रीनवर छोटा खड्डा होतो, बॉलचा बराचसा जोर त्या खड्ड्यातच जिरतो आणि बॅकस्पिनलाही (बॉलच्या उलट्या गिरकीला) धरायला काहीतरी मिळतं. कडक ग्रीनवर खड्डा होतच नाही, फार तर एक ओरखडा उठतो, म्हणून पहिला टप्पा चांगला उंच आणि पुढे जातो, स्पिनचा जो काय परिणाम व्हायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला, आणि तोवर ग्रीन संपलेलं असतं. म्हणजे आठ वर्षांत तुम्ही एकच आकडा पाठ केलाय, बॉल हवेत किती जातो. इथे दोन आकडे लागतात, हवेत किती आणि जमिनीवर किती, आणि हा दुसरा आकडा प्रत्येक शॉटला बदलतो. वारा पाठीमागून असेल तर बॉल चपटा उतरतो आणि पळतच सुटतो, समोरून असेल तर जवळजवळ उभा पडतो आणि बऱ्यापैकी थांबतो. टप्पा उतारावर पडला तर देवच वाली, आणि त्याच ग्रीनला समोर छोटासा चढ असेल तर तोच चढ तुमचा ब्रेक. त्यामुळे सगळीकडे सरसकट एक क्लब कमी घेतलात तर काही होलवर बरोबर याल आणि काही होलवर ग्रीनसमोरच्या बंकरात जाऊन बसाल, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी काय करते सांगते. पिनकडे बघून क्लब काढायचाच नाही. आधी ठरवायचं बॉल कुठे थांबलेला चालेल, मग तिथून उलटं मागे यायचं, शेवटचे किती यार्ड तो घरंगळणार, मग टप्पा कुठे पडायला हवा, आणि त्या टप्प्याच्या जागेचं अंतर धरून क्लब. ग्रीनचं तोंड उघडं असेल, म्हणजे समोर बंकर वगैरे नसेल, तर टप्पा बिनधास्त ग्रीनच्या दहा-पंधरा यार्ड अलीकडे फेअरवेवर (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या पट्टीवर). सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं, आपण मुद्दाम कमी मारतोय असं वाटतं, हात आपोआप जास्त जोर लावतात. समोर बंकर असेल आणि पिन त्याच्या लगेच मागे असेल तर तो पिन तुमच्यासाठी नाहीचे, ग्रीनच्या मध्यावर किंवा मागे जा, दोन पट (पटर या क्लबने जमिनीवरून घरंगळवलेले शॉट) मारा, पुढच्या टीवर (जिथून होल सुरू होतो तिथे) चला.

काही होल तर याच कल्पनेवर बांधलेले असतात. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बर्विकच्या वेस्ट लिंक्सवर १५ वा होल आहे, 'रेडान' म्हणतात त्याला, पार ३, म्हणजे तीन शॉटचा. ग्रीन तिरकं, पुढून मागे डावीकडे उतरतं. सरळ पिनवर मारलेला बॉल तिथे थांबवणं महाकठीण, तोच उजव्या खांद्यावर टाकला की जमीन स्वतः त्याला वळवून पिनकडे नेते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथे अंगण खरोखरच वाकडं आहे आणि त्याच्या वाकडेपणानेच नाचायचंय.

आणि हे चुकलं म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका. २००९ ची ब्रिटिश ओपन, टर्नबेरी, ५९ वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलवर, पार केला की जिंकला. तोपर्यंत पाच वेळा ही स्पर्धा जिंकलेला माणूस, म्हणजे असल्या जमिनीवर खेळायला त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. फेअरवेतून ८ आयर्न मारली, शॉट एकदम मस्त, आणि बॉल ग्रीनवर टप्पा घेऊन मागे निघून गेला. तिथून पटरने खेळला, बॉल होलच्या पुढे गेला, परतीचा पट चुकला, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला. एक टप्पा, बाकी काही नाही. मला अजून तो शॉट आठवला की पोटात कसंतरी होतं.

त्या दिवशीची जमीन किती कडक आहे हे कळायला पहिले दोन-तीन होल नुसते कान आणि डोळे उघडे ठेवा. मऊ ग्रीनवर बॉल पडल्याचा आवाज 'थप' असा दबका येतो, कडकवर 'टक' असा, लांबूनही ऐकू येतो. पहिल्या ग्रीनवर गेलात की आपल्या बॉलची खूण शोधा, सापडली नाही तर समजून जा. आणि सकाळी दव असताना जे ग्रीन बॉल धरत होतं ते दुपारी उन्हावाऱ्यात वाळल्यावर धरेलच असं नाही, म्हणजे पहिल्या नऊ होलचा हिशोब शेवटच्या नऊला जसाच्या तसा लावू नका.

प्रश्न: असे कोर्स बरेचदा पिवळट-तपकिरी दिसतात. माझा नवरा म्हणतो हाच खरा मेन्टेन केलेला कोर्स, मला तर पाणी घालायला विसरल्यासारखं वाटतं. कोण बरोबर?

उत्तर: नवऱ्यांना बरोबर म्हणायची वेळ या सदरात क्वचित येते, पण आज आलीये. अर्धी तरी.

हिरवंगार म्हणजे चांगलं हे आपल्या डोक्यात टीव्हीने बसवलंय. रोज थोडं थोडं पाणी मारलं की गवताची मुळं वरच्यावरच राहतात आणि गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्या-मुळांचा थर साचतो, त्याला थॅच म्हणतात. हा थर स्पंजसारखा, पाणी धरून ठेवतो, बॉल त्यात रुततो. चांगली टीम काय करते, भोकं पाडून हवा खेळवते, हा थर विंचरून कमी करते, पुन्हा पुन्हा वाळूचा पातळ थर पसरते आणि पाणी बेताचं पण खोलवर जाईल असं देते, काही ठिकाणी तर नळी हातात धरून फक्त सुकलेल्या पट्ट्यांवर. खाली वाळूची जमीन असेल तर सोन्याहून पिवळं, पाऊस पडून गेला तरी निचरा लगेच. फेस्क्यूसारखं गवत कोरडं पडलं की रंग सोडतं, मरत नाही, झोपतं, पाणी मिळालं की परत उठतं.

आता तुमची अर्धी बाजू. नुसतं कडक म्हणजे चांगलं नव्हे. भेगा पडलेली चिकणमाती पण कडकच असते, पण तिच्यावर एक बॉल उसळून डोक्यावरून जातो आणि शेजारचा तिथेच मरतो. पुढच्या वेळी फेअरवेवर खाली बसून बोटांनी गवत बाजूला करून बघा. दाट, बारीक, सगळीकडे सारखं, खाली वाळूसारखं भुरभुरीत, मग रंग कुठलाही असो, काळजी घेतलेली आहे. तुरळक गवत आणि मधे मधे टक्कल पडलेलं, तर मग हो, विसरलेत.

प्रश्न: ग्रीनच्या बाजूला गवत इतकं बारीक कापलेलं की बॉल टेबलावर ठेवल्यासारखा. माझ्या ५६ अंशांच्या वेजने (जवळून उंच मारायच्या क्लबने) एक तर जमीन खणली जाते नाही तर बॉल सणसणत पलीकडे. काय बदलू?

उत्तर: आधी क्लब बदला, मग स्विंगकडे बघू.

वेजच्या खालच्या फुगीर भागाला बाऊन्स म्हणतात, सँड वेजला साधारण १० ते १४ अंश असतो. मऊ जमिनीत तो तारतो, क्लबला रुतू देत नाही. कडक जमिनीवर मात्र तोच भाग आपटून उसळतो आणि क्लबची धार थेट बॉलच्या पोटात. त्यात फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) वर वळवून उघडलात तर बाऊन्स आणखी वाढतो. माझीच गोष्ट, ६० चा वेज, टाइट लाय (बॉलखाली गवत जवळजवळ नाहीच), पिन जवळ, आणि बघायला चार लोक, त्यामुळे मला अंगात आल्यासारखा फेस उघडून उंच लॉब मारायचा होता. बॉल गुडघ्याच्या उंचीवरून ग्रीन ओलांडून समोरच्या बंकरात. तिथली वाळू पण पातळ आणि कडक, तिथेही तोच वेज तसाच उघडून मारला, आणि बॉल परत जिथून निघाला होता त्याच्या पलीकडे. चार लोकांपैकी दोघांनी बुटांची लेस बांधायला घेतली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. पटर चालतोय का? चालत असेल तर पटर. नाही तर ८ आयर्न किंवा ९ ने पट मारल्यासारखा बंप अँड रन, बॉल थोडा मागच्या पायाकडे, हात पुढे, मनगटं शांत, बॉल जेमतेम ग्रीनवर टाकायचा आणि पुढचं काम जमिनीला करू द्यायचं. वेज अगदी शेवटी, मधे बंकर किंवा काहीतरी आडवं असेल तरच, आणि तोही कमी बाऊन्सचा, ४ ते ८ अंशांतला.

पटर बाहेरून वापरला की काही लोक तोंडं वाकडी करतात, करू देत. २०१४ ची यूएस ओपन पाइनहर्स्ट नंबर २ वर झाली, तिथली ग्रीन उलट्या बशीसारखी, बॉल कडेला गेला की खाली घरंगळलाच, आणि भोवती सगळं बारीक कापलेलं. मार्टिन कायमर तिथे खालून वर सर्रास पटरने मारत होता आणि तब्बल आठ शॉटने जिंकला.

प्रश्न: फेअरवे कडक असले की माझा ड्राइव्ह (टीवरून मारलेला पहिला शॉट) सहज तीस यार्ड जास्त जातो, मजा येते, पण स्कोअर वाढतोच. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) ठेवून द्यावा का?

उत्तर: सगळीकडे नको, पण बॉल पळतो तेव्हा नुसता पुढे पळत नाही, आडवाही पळतो. चाळीस यार्डांचा फेअरवे उताराला असेल तर तुमच्या कामाचा वीसच यार्ड. आणि जे बंकर नेहमी तुमच्या आवाक्याबाहेर असतात ते अचानक आवाक्यात येतात, तेच तर होतंय तुमचं.

२००६ ला हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलवर कोर्स भाजून तपकिरी झाला होता आणि टायगर वुड्सने चार दिवसांत, ७२ होलमध्ये, ड्रायव्हर फक्त एकदा काढला. बाकी लांब आयर्न नाही तर ३ वुड, बंकरांच्या अलीकडे, आणि १८ अंडरने (पारपेक्षा १८ शॉट कमी) जिंकला. अर्थात तो मागे राहून लांबची आयर्न ग्रीनवर थांबवू शकत होता, आपण नाही, म्हणून त्याची आंधळी नक्कल नको. मधे बंकर नसेल तर जरूर ड्रायव्हर मारा, फुकटचे तीस यार्ड सोडायचे कशाला. बंकर असेल तर टप्पा आणि त्यापुढचं पळणं, दोन्ही मिळून हिशोब करा. आणि टीवर उभं राहिलात की ग्रीनचं उघडं तोंड कुठल्या बाजूने आहे तेवढं बघाच, मऊ कोर्सवर फेअरवेची डावी-उजवी बाजू फारसं कोणी विचारत नाही, इथे चुकीच्या बाजूने दुसरा शॉट बंकरावरूनच मारावा लागतो.

प्रश्न: 'ग्रीन आज ११ आहेत' म्हणजे काय? आणि ११ म्हणजे कडक का?

उत्तर: कडकपणाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. तो स्टिम्पमीटरचा आकडा, फुटांत. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये ओकमाँटची भयानक फास्ट ग्रीन बघून हे यंत्र बनवलं, यूएसजीएने (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने) सुधारून १९७८ पासून कोर्सना द्यायला सुरुवात केली. यंत्र कसलं, ३६ इंचांची खाच असलेली पट्टी, बॉल ठेवून एक टोक उचलायचं, साधारण २० अंशांना बॉल आपोआप सुटतो, सपाट जागी किती फूट जातो ते मोजायचं, मग उलट दिशेने, आणि सरासरी. म्हणजे ग्रीन मऊ असून फास्ट असू शकतं, कडक असून स्लो असू शकतं. दोन्ही एकदम आलं की पंचाईत. २००४ ला शिनकॉक हिल्सवर यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ७ व्या ग्रीनवर बॉल थांबेचना, शेवटी खेळ चालू असताना मधे मधे पाणी मारायला लागलं. तुमच्यापुरतं, फास्ट ग्रीनवर वळणही वाढतं, म्हणून उताराचा पट जमेल तेवढा टाळा, आधीचा शॉटच होलच्या खालच्या बाजूला ठेवा.

प्रश्न: ग्रीनवर वाऱ्याने बॉल हलला. मित्र म्हणाला परत ठेव, दुसरा म्हणाला आहे तिथून खेळ.

उत्तर: मार्क करून (जागेवर खूण ठेवून), उचलून परत ठेवला होता का? ठेवला असेल तर मूळ जागी परत, पेनल्टी नाही, हा नियम २०१९ पासून आहे. अजून उचललाच नव्हता तर जिथे गेला तिथून, पेनल्टी तेव्हाही नाही, मग तो होलजवळ जाओ नाही तर ग्रीनबाहेर. म्हणून वारं असेल आणि ग्रीन फास्ट असेल तर मी तिथे पोचल्या पोचल्या आधी मार्क करून बॉल उचलते आणि परत ठेवते, पुसायचा असो वा नसो. फक्त बॉल होलच्या वरच्या बाजूला असेल आणि वारा होलकडे वाहत असेल, तर मला मार्कर सापडायला जरा वेळ लागतो.