येणाऱ्या कॅमेऱ्यात नेमके काय पाहावे?
आपण नव्या कॅमेऱ्याकडून ठेवायच्या अपेक्षांविषयी विचारले आहे. मेगापिक्सेलचा आकडा मी त्या यादीत बराच खाली ठेवीन, कारण २४ ऐवजी ४८ मेगापिक्सेल मिळाले तरी छायाचित्राची लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे १.४ पटच वाढते, फाइल मात्र जवळपास दुप्पट जड होते. त्यापेक्षा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) किती वेगाने वाचला जातो, हे आधी पाहावे. इलेक्ट्रॉनिक शटर (यांत्रिक पडद्याविना छायाचित्र टिपण्याची सोय) वापरताना बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, आणि हे वाचन संथ असेल तर वेगाने जाणारी गाडी छायाचित्रात तिरकी दिसते. निकॉनने २०२१ मध्ये झेड ९ या कॅमेऱ्यातून यांत्रिक शटर काढूनच टाकले, ते अशा जलद वाचनाच्या बळावर. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाचे कौतुक जरा जपूनच ऐकावे. ते हाताची थरथर सावरते, पण धावणाऱ्या मुलाची धूसरता घालवत नाही, त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. पुन्हा न घडणारे प्रसंग टिपायचे असतील, तर दोन मेमरी कार्डांची सोय आवर्जून मागावी, म्हणजे एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर छायाचित्रे राहतात. आणि खरेदीसाठी नोंदणी करण्यापूर्वी, आपण नेहमी वापरणार ती लेन्स जोडून कॅमेरा हातात धरून पाहावा.