गणू बिन विठू, पण नक्की कोणाचा?

प्रश्न : स. न. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. माझ्या पणजोबांचं नाव गणपत. जुन्या उताऱ्यावर ते ‘गणू बिन विठू’, म्हणजे विठूचा मुलगा गणू, असे आहेत. पण आमची आजी सांगायची, की गणपत या घरातला नव्हेच. ‘पहिल्या साथीत’ आईबाप गेले, म्हणून कुणीतरी त्याला खांद्यावर घेऊन कुंभार्ली घाटातून वर आणला आणि विठूच्या बायकोच्या ओटीत घातला. माझे वडील (वय 84) यावर चिडतात. त्यांच्या मते जमिनीसाठी भाऊबंदांनी उठवलेली ही आवई आहे. मध्यंतरी परदेशात असलेल्या माझ्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, लाळेची डीएनए चाचणी केली. त्यात कोकणातल्या खेड तालुक्यातल्या, साधारण माझ्या वयाच्या एका गृहस्थांशी 120 सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं माप) जुळले. माझी वहिनी म्हणते, ‘बघा, आजींचं खरं निघालं!’ ती चिपळूणकडची, तिला कोकणचं कौतुक. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1919 आहे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, गणपतच्या जन्माची नोंद शोधली, सापडली नाही. आता पुढे काय करू? आणि वडिलांना सांगू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही गंमत म्हणून लिहून गेलात. वहिनी चिपळूणकडची! अहो, 120 सेंटीमॉर्गन जुळले ते तुमच्याशी नाहीत, भाच्याशी. आणि भाच्याला आईही आहे.

जरा हिशोब करू. समजा आजींची गोष्ट खरी, आणि गणपतचा सख्खा भाऊ कोकणात राहिला. तो त्या गृहस्थांचा पणजोबा. मग तुमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा सख्खे चुलत भाऊ झाले, आणि तुम्ही दोघं त्यांची नातवंडं. इतक्या लांबच्या नात्यात सरासरी पाऊण टक्का डीएनए सामाईक असतो. दहातल्या एखाद्या जोडीत तर काहीच जुळत नाही, नातं खरं असूनही. भाचा आणखी एक पिढी खाली, म्हणजे त्याचा वाटा त्याच्याही निम्मा. याउलट 120 म्हणजे दीड टक्क्याच्या वर. अपेक्षेच्या चौपट! डीएनएची वाटणी तागडीत तोलून होत नाही, कमीजास्त होतं. पण चौपट दिसलं की मी तरी आधी दुसऱ्या दारातून कोण आलं ते बघेन. ते दार वहिनीचं माहेर असू शकतं. किंवा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या त्याच दहा-पाच गावांत सोयरिकी, त्यात मामाची मुलगी केलेली, त्यामुळे बारीकबारीक तुकडे साठून आकडा फुगलेला असू शकतो. भाच्याला सांगा, एकूण आकडा राहू दे, सगळ्यात लांब सलग तुकडा किती ते बघ. एकच चाळीसचा तुकडा असेल तर खरंच जवळचं नातं असू शकतं. आठ-आठ, नऊ-नऊचे डझनभर असतील तर तो बहुधा सोयरिकींचा साठा.

याचा निकाल लावायला एकच माणूस पुरे, तुमचे वडील. भाच्याकडे जे तुमच्या घराण्याकडून आलं, ते सगळं त्यांच्यातूनच गेलंय. त्यांच्या चाचणीत खेडचे गृहस्थ दिसलेच नाहीत, तर ती जुळणी गणपतमार्फत आलेली नाही, विषय संपला. दिसले, आणि आकडा भाच्यापेक्षा चांगला मोठा असला, तर मात्र वहिनीला पेढा द्यावा लागेल.

पण वडिलांना न सांगता त्यांची लाळ घेऊ नका. ‘डॉक्टरांनी मागितलीय’ वगैरे युक्त्या लोक करतात, हे मला पत्रांतून कळतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला स्वतःच्या आजोबाबद्दल फसवणं बरं नव्हे. त्यांना सरळ विचारा. चिडणारी माणसं बहुधा आतून उत्सुक असतात. जमिनीची भीती वाटत असेल, तर शंभर वर्षं लागलेलं नाव लाळेच्या चाचणीने उतरत नाही हेही सांगा. खात्री हवी असेल तर ओळखीच्या वकिलाकडून वदवून घ्या. मी वकील नाही, रेकॉर्डातला माणूस.

आता माझ्या प्रांतातलं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी एकतीस वर्षं गेली, तेव्हा कोतवाल बुकाबद्दल थोडं सांगू द्या. या बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. ‘मुलगा’ एवढंच, पुढे बापाचं नाव आणि तारीख. तुम्ही ‘गणू’ शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही. ‘विठू’ शोधा, आणि विठोबा, विठ्ठल, इठू हेही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, दोन शब्दांत मोकळी जागा नसते; कारकुनाने बोरू न उचलता ओळ ओढलेली असते. वाचणारा जाणकार सोबत न्या. आणि विठूला त्या सुमारास मुलगा झाल्याची नोंद नाही म्हणून हुरळून जाऊ नका. साथीच्या दिवसांत गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलेलं असे, तिथे कोण कुणाची नोंद करतो?

त्या साथीचंच घ्या. आजी ‘पहिली साथ’ म्हणायच्या, पण कोणती? प्लेग 1896 मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग कितीतरी वर्षं गावोगाव फिरत राहिला. 1918 च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. आजोबा 1919 चे असतील, तर त्यांचा बाप मानमोडीत खांद्यावरचं पोर असणं शक्यच नाही. शाळेची 1 जून ही तारीख बहुतेक मास्तरांनी अंदाजाने घातलेली (माझीही 1 जूनच आहे, आमच्या अख्ख्या वर्गाची होती), पण अंदाज चुकला तरी दोन-चार वर्षांनी, वीस वर्षांनी नव्हे. तेव्हा गोष्ट प्लेगची. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला विचारा, तिच्या ऐकण्यात ‘उंदीर पडले’, ‘गाठ आली’ असं काही होतं का.

आणि इथे मला खरा धागा दिसतो. आजी म्हणतात, आईबाप साथीत गेले. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक द्यायला आई किंवा बाप हयात लागे. अनाथ पोराला देणारंच कोणी नाही, म्हणून ते दत्तक म्हणून टिकत नसे. असं पोर ‘पोसलेलं’. मुंबई इलाख्यात विधवेलाही नवऱ्याची परवानगी नसताना दत्तक घेता येई, पण घ्यायला मूल ‘दिलेलं’ हवं. मग विचार करा, विठू मेला आणि गणूचं नाव लागायची वेळ आली, तेव्हा भाऊबंद गप्प बसले असतील? पोर घाटाखालून आणलेलं असेल, तर कुणीतरी तक्रार केली असणार. ती तक्रार कागदावर असणार.

म्हणून तुमचा पुढचा कागद जन्माचा नव्हे, विठूच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीचा. तो असतो फेरफार रजिस्टरात, जमिनीवरच्या नावातला प्रत्येक बदल लिहितात त्या वहीत. आत्ताच्या सातबाऱ्यावरून उलट चालत जा, प्रत्येक उताऱ्यावर फेरफारांचे नंबर गोलात असतात. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले असतील, तर जुना नंबर कुठल्या गटात गेला हे भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. माणसाची नावं बदलतात, जमिनीचा नंबर धरून ठेवायचा. मी स्वतः माझ्या आजोबांचा बाप शोधताना तीन महिने भलत्याच राघूच्या मागे होतो. एकाच वाडीत दोन राघू बिन सखाराम, दोघांच्या मुलाचं नाव आजाचं म्हणून सखाराम! शेवटी सर्व्हे नंबर वेगळा निघाला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी रेकॉर्ड रूमचा कारकून, आणि ही माझी अवस्था.

वारस नोंदीत ‘मुलगा गणू’ एवढंच असेल आणि शेरा ‘तक्रार नाही’, तर वडिलांची बाजू भक्कम. ‘दत्तक मुलगा’ असेल, तर दत्तकपत्र नोंदवलंय का, हे दुय्यम निबंधकाकडे बघा. विठूची अस्थी कुणी नाशिकला नेली असेल, तर तिथल्या उपाध्यांकडे गावाच्या आणि आडनावाच्या नामावळीतही डोकवा. भाऊ, मुलगे सगळे लिहिलेले असतात.

एवढं झाल्यावरच वाय गुणसूत्राची चाचणी. ती बापाकडून मुलाकडे सरळ उतरते, म्हणून विठूच्या सख्ख्या भावाच्या वंशातला पुरुष हवा, आणि तुमचे वडील. दोघांचं जुळलं तर घाटाखालचं पोर ही गोष्ट मागे पडते. पण भावकीतूनच दत्तक घेण्याची रीत होती, तेव्हा ‘विठूचाच’ हे त्याने सिद्ध होत नाही. नाहीच जुळलं, तरी तुटलेला दुवा गणूचाच असेल असं नाही, कुठल्याही पिढीत, दोन्हीकडे असू शकतो. अडचण एवढीच, की ज्या भाऊबंदांशी तुमचं बांधावरून बोलणं बंद असेल, नेमकी त्यांच्याच थुंकीची गरज!

फेरफाराची नक्कल मिळाली आणि शेरा लागला नाही, तर फोटो पाठवा. फक्त कडेचा समास कापू नका. तक्रारी तिथेच आडव्या लिहिलेल्या असतात.