बायबॅक की डिव्हिडंड, कंपनी काय पाहते
भाऊ, तू नवीनच शेअर घेऊन राहिला म्हणून सांगतो, कंपनी नफा दोन रीतीनं वाटते, डिव्हिडंड म्हणजे दर शेअरमागे रोख पैसा, अन् बायबॅक म्हणजे कंपनीनं आपलेच शेअर लोकांकडून परत विकत घेणं. कोणती रीत निवडेल ते समजायला आधी कंपनीचा मालक कोण ते बघ. आपल्या नागपुरात वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळशाची कंपनी आहे ना, तिची मालक कोल इंडिया, अन् कोल इंडियात निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा, आता सरकारला दरवर्षी तिजोरीत रोख पैसा पाहिजे मग डिव्हिडंड देणार नाही तर काय! सरकारी कंपन्यांना तर नियमच आहे, नफ्याच्या 30 टक्के किंवा नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याच्या) 4 टक्के, जे जास्त असेल तेवढा किमान द्यायचा.

आयटीवाल्यांचं वेगळं. टीसीएसनं 2017 मध्ये 16,000 कोटींचा बायबॅक केला, 2,850 च्या भावानं, पण डिव्हिडंडही चालूच ठेवला. कारण डिव्हिडंड एकदा वाढवला की लोकांना सवय लागते, पुढे कमी केला की बोंब होते, बायबॅक मात्र एकदा करून मोकळं होता येतं, अन् शेअर कमी झाले की ईपीएस, म्हणजे दर शेअरमागचा नफा, वाढतो. साहेब लोकांचा बोनस ईपीएसवर असेल तर बायबॅक त्यासाठीच तर नाही ना, डोळे उघडे ठेव बाप्पा.

टॅक्सचंही आहेच. 2020 पासून डिव्हिडंडवर टॅक्स आपल्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबनं, बायबॅकवर तेव्हा कंपनी भरायची म्हणून तो गोड वाटायचा. 1 ऑक्टोबर 2024 ला ते बदललं, त्यामुळे बायबॅकचा अर्ज टाकताना चालू नियम बघूनच टाक. टेंडर बायबॅकमध्ये, म्हणजे कंपनी ठरलेल्या भावानं सगळ्या शेअरवाल्यांकडून अर्ज मागवते त्यात, 2 लाखांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांना बायबॅकमधले 15 टक्के राखीव असतात, पण तुझे सगळे शेअर घेतीलच असं धरून चालू नको.