मंडळाकडे पैसे शिल्लक आहेत, वस्तीच्या आरोग्यासाठी काय करावं?

तुमचं मंडळ दरवर्षी गणपतीत आरोग्य शिबिर घेतं, यंदा वर्गणीतून बरी रक्कम उरली आहे, आणि ती दुसऱ्या शिबिरावर घालावी की आणखी कशावर, असं तुम्ही विचारलं आहे. आमच्या वस्तीतल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेत मी बरीच वर्षं काम करतोय, म्हणून ठामपणे सांगतो: दुसरं शिबिर घेऊ नका. पहिल्या शिबिरात ज्यांचं काही निघालं, त्यांच्या घरी जा.

शिबिरात १८०-११० रक्तदाब निघालेल्या रिक्षावाल्याच्या हातात आपण चिठ्ठी देतो, ‘दवाखान्यात दाखवा’. त्याला ना डोकेदुखी, ना चक्कर. धंदा सोडून तो रांगेत कशाला उभा राहील? समजा गेला, गोळी सुरू झाली, तर महिन्याभरात आकडा खाली येतो आणि ‘आता बरं आहे’ म्हणून गोळी बंद होते. पुढे एक दिवस थेट लकवा होऊनच तो घरच्यांना दिसतो. इथे डॉक्टर कमी पडलेला नसतो, औषधही महाग नसतं. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. मुंबईत ‘आपला दवाखाना’ रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, म्हणजे कामाचा खाडाही होत नाही. कमी पडतं ते एवढंच, की महिन्याने कुणीतरी दारात येऊन विचारावं, ‘काका, गोळ्या संपल्या का? आणल्या का?’

म्हणून पहिला खर्च दोन चांगल्या रक्तदाब यंत्रांवर आणि एका जाड वहीवर करा. एका स्वयंसेवकाकडे आपल्याच चाळीतली पंधरा-वीस घरं, त्याहून जास्त नकोत. शक्यतो बायकांना घ्या. दुपारी घरात कोण असतं, कोण पोळी-भाजी करताना धापा टाकतं, कुणाच्या पायाची जखम भरत नाही, हे त्यांना आधीच माहीत असतं. आशाताईंना, म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकांना, विचारल्याशिवाय मात्र काही सुरू करू नका. त्यांच्याकडे घरनिहाय माहिती असते, आणि तुम्ही त्यांचं काम हलकं करायला आलात हे पटलं की त्या मनापासून साथ देतात.

हे मी हवेत बोलत नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस मुंबईच्या शीव रुग्णालयात नवजात बाळांवर उपचार करत होत्या. आशियातली पहिली मानवी दूध पेढी, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवण्याची सोय, त्यांनी १९८९ साली तिथेच सुरू केली. तरीही धारावीसारख्या वस्त्यांमधून कमी वजनाची, नाजूक बाळं येतच राहिली. रुग्णालय कितीही चांगलं केलं तरी दुखणं वस्तीत सुरू होतं, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९९९ साली ‘स्नेहा’ ही संस्था काढली. त्या कामाचा कणा म्हणजे वस्तीतल्याच बायका घरोघरी जाणं: गरोदर बाईची नोंद झाली का, बाळाचं वजन वाढतंय का, घरात मारहाण होते का. तुमचं मंडळ एवढं मोठं होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण दिशा हीच ठेवा.

दुसरा खर्च रुग्णसाहित्यावर. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड (हवेची गादी), फाउलर बेड (डोक्याची आणि पायाची बाजू वर-खाली होणारा पलंग). खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला दोन-तीन महिन्यांसाठी हे सगळं विकत घ्यायचं म्हणजे घराचं कंबरडं मोडतं, आणि नंतर ते माळ्यावर धूळ खात पडतं. थोडी अनामत घ्या, भाडं नाममात्र ठेवा. ज्याला अनामतही झेपत नाही त्याला तशीच द्या. वस्तू परत आली की जंतुनाशकाने पुसून, उन्हात ठेवूनच पुढे द्यायची, हा नियम मोडू देऊ नका. वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजली का ते प्रत्येक वेळी बघा. झिजलेल्या बुचाचा वॉकर ओल्या मोरीत घसरतो आणि दुसरं हाड मोडतं. एअर बेडचा पंपही चालवून बघितल्याशिवाय देऊ नका, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा व्हायला फार दिवस लागत नाहीत.

क्षयरोगाबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे. ‘निक्षय मित्र’, म्हणजे सरकारच्या क्षयरोग मोहिमेत रुग्णांना मदत करणारे, म्हणून नोंदणी करून मंडळ रुग्णांना पोषण आहार देऊ शकतं. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात पुरेसं सकस खाणं मिळावं लागतं. सरकारकडून उपचाराच्या काळात दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, तरी डाळ, शेंगदाणे, अंडी याला हातभार लागतोच. पण कृपा करून किट देतानाचा फोटो काढू नका, बॅनर लावू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकू नका. त्या एका फोटोने मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, आणि पुढचा रुग्ण खोकला लपवतो. देणगीदार फोटो मागत असेल तर त्याला पावती द्या. तेवढ्यावर तो थांबत नसेल, तर त्याचा पैसा नाही घेतला तरी चालेल.

पैसा न लागणारं एक मोठं काम म्हणजे माहिती. महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. हे बहुतेक घरांना बिल हातात पडल्यावर कळतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार या कागदांची तयारी आजारपणाआधीच करून घ्या, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला कसं भेटायचं ते शिकलेला एक कार्यकर्ता तयार ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच.

मनाच्या दुखण्यांकडे आपली मंडळं वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. झिंबाब्वेत हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आज्यांना घेऊन काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाकडं, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी, आणि समोरच्याच्या अडचणींतून एकच निवडून तिच्यावर मार्ग काढणं. त्याचा नीट अभ्यास झाला आणि २०१६ साली निष्कर्ष छापून आले: नैराश्याची लक्षणं खरोखर कमी झाली होती. आपल्याकडे मंडळाची खोली अकरा महिने कुलूपबंद असते. ती रोज संध्याकाळी दोन तास उघडा, चहा ठेवा, ज्यांची मुलं परगावी आहेत त्यांना हाताला धरून आणा. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर ऐकून सोडून देऊ नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्या, आणि त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घ्या.

हे सगळं एकदम हाती घेऊ नका. या महिन्यात आशाताईंना भेटा आणि गेल्या शिबिराचे कागद शोधून काढा. रक्तदाब किंवा साखर जास्त निघालेल्यांची यादी करा आणि रविवारी सकाळी दोघं-दोघं मिळून घरोघरी जा. रुग्णसाहित्य ठेवायला कोरडी जागा मिळाली की तेव्हा खरेदी करा. हिशोब वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर तिमाहीला फलकावर लावा, पण त्यात फक्त रक्कम आणि वस्तू असू द्यात, रुग्णांची नावं नकोत.