वाचक विचारतात : लाल कांदा

प्रश्न : सावजी रश्शासाठी लाल कांदा वाटून परतते, पण रस्सा कडवट होतो. पांढरा कांदा वापरू का? (महाल, नागपूर)

उत्तर : कांदा तोच राहू द्या, क्रम बदला. कच्चा कांदा मिक्सरमध्ये वाटला की त्यातले गंधकयुक्त घटक एकदम मोकळे होतात आणि वाटण उग्र होतं. तसंच ठेवून दिलं तर आणखी बिघडतं. म्हणून आधी परता, मग वाटा. अर्धा किलो कांदे उभे, पातळ आणि एकसारखे चिरा. जाड बुडाच्या कढईत पाच-सहा मोठे चमचे तेल तापवून कांदा व पाव चमचा मीठ घाला. मिठाने पाणी लवकर सुटतं. कांद्यात जवळपास 90 टक्के पाणी असतं, ते आटल्याशिवाय रंग चढत नाही. इथेच बहुतेकांची घाई होते : आच वाढवली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चाच राहतो. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं द्या. सगळा तांबूस झाला की गार करून वाटा. काळा पडलेला प्रत्येक तुकडा आधी वेचून टाका, चार तुकडेही अख्खा रस्सा कडू करतात. लवकर लाल व्हावा म्हणून सोडा घालू नका, लगदा होतो.

प्रश्न : मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून कच्चा कांदा रोज खावा का? (धरमपेठ)

उत्तर : जेवणात जरूर खा, पण उन्हापासून वाचवतं ते पाणी, मीठ आणि सावली. खिशात ठेवलेल्या कांद्याने काही होत नाही, कृपया त्यावर विसंबून दुपारी बाहेर पडू नका. 100 ग्रॅम कांद्यात सुमारे 40 कॅलरी, दीड-पावणेदोन ग्रॅम तंतू आणि 7 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. क्वेरसेटिन हे अँटिऑक्सिडंट बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, म्हणून सोलताना जाड थर फेकू नका. तिखटपणा नको तर चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, त्याहून जास्त नाही. रंगही पाण्यात उतरतो. वर लिंबू पिळलं की उरलेला रंग छान गुलाबी खुलतो. पोट फुगत असेल तर कच्चा कमी करा, कांद्यातली फ्रुक्टन नावाची कर्बोदकं काहींना पचत नाहीत.

प्रश्न : कळमन्यातून दहा किलो कांदे आणले, महिन्यात कोंब फुटले. (नंदनवन)

उत्तर : साठवणीला उन्हाळी कांदाच घ्या, मान बारीक आणि पूर्ण वाळलेली बघून. खरिपाचा टिकत नाही. प्लास्टिकची पिशवी, फ्रिज आणि बटाट्याची टोपली, तिन्ही टाळा. जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगा. कोंब आलेला कांदा कडक असेल तर चालतो, मऊ पडलेला टाका.