अठराव्या शतकातलं ‘हॅपिनेस’ : सुख की आनंद?

प्रश्न असा आला आहे : युरोपातल्या प्रबोधनकाळाविषयी (‘एन्लाइटनमेंट’) मराठीत लिहिताना ‘हॅपिनेस’ला सुख म्हणावं की आनंद? ‘सुख’ फार ऐहिक वाटतं, अशी शंकाही सोबत आहे.

माझ्या मते सुखच म्हणावं, आणि ते ऐहिक वाटतं म्हणूनच म्हणावं. माणसाचं भलं परलोकावर न ढकलता याच जन्मी, कायद्याने आणि चांगल्या राज्यकारभाराने साधावं, हाच तर त्या विचारवंतांचा ध्यास होता. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ साली शिक्षांच्या क्रौर्याविरुद्ध लिहिताना कायद्याला हीच कसोटी लावली : जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. इथे ‘आनंद’ घालून पाहा, कायद्याऐवजी जत्रेची आठवण होते!

दुसरं कारण जोडीचं. सुख म्हटलं की दुःख आलंच. आनंदाला इतका पक्का जोडीदार नाही. फ्रेंचमध्येही ‘बोनर’ला (सुख) ‘मालर’ (दुःख) आहे. ३ मार्च १७९४ रोजी फ्रेंच क्रांतीतला नेता सँ-जुस्त पॅरिसच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेत, म्हणाला की सुख ही युरोपात नवी कल्पना आहे. विषय होता क्रांतीच्या शत्रूंची मालमत्ता गरिबांना देण्याचा, आणि त्याच ओघात तो म्हणतो, फ्रान्सच्या भूमीवर एकही दुःखी माणूस आणि एकही जुलमी नको. ‘आनंद ही नवी कल्पना’ असं भाषांतर केलं तर हा धागाच तुटतो. आनंद काय, युरोपात आधी नव्हता?

अडचण एकच : जास्तीत जास्त सुखाचं तत्त्व मांडणारा इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम ‘प्लेझर’ही वापरतो, त्यालाही आपण सुखच म्हणतो. पण त्याच्या हिशेबात ‘हॅपिनेस’ म्हणजे दुःख वजा जाता उरणाऱ्या सुखांची बेरीज, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. गरज पडली तर ‘प्लेझर’ला ‘सुखसंवेदना’ करावं. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) बेंथमसारख्या मंडळींशी कडाडून वाद घातला, तरी प्रकरणाला नाव दिलं ‘आधिभौतिक सुखवाद’. शब्द तिथेच रुळलेला आहे.

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ‘परस्यूट ऑफ हॅपिनेस’ला मात्र ‘सुखाचा शोध’ म्हणणं मला पटत नाही. शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात. ‘सुखासाठी झटण्याचा हक्क’ म्हणा.