वाचक विचारतात : कलाकाराला हिशोब दिसला, पण पटला का?

प्रश्न : ताई, नमस्कार. शहापुरात आमची छोटी रेकॉर्डिंग कंपनी आहे. अभंग, भारुडं, थोडी कन्नड भावगीतं असं काम करतो. आजवर कलाकारांना दर तिमाहीला रॉयल्टीचं पत्रक इंग्रजी पीडीएफमधून मेल करत होतो. आता त्यांनी स्वतःच लॉगिन करून बघावं म्हणून मी पोर्टल बनवलंय. पहिल्या पानावर रंगीत आलेख आहेत. ऑफिसात सगळ्यांना आवडलं, काही बुवांनाही दाखवलं, तेही छान म्हणाले. तरी 'आमचं नेमकं किती झालं?' असे फोन थांबत नाहीत. चाचणी घ्यायची तरी कशी?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बुवांना तुम्ही पोर्टल 'दाखवलंत', म्हणून ते छान म्हणाले. घरी आलेल्या पोरानं कष्टानं केलेलं काही पुढं धरलं की आपल्याकडची मोठी माणसं 'बरं आहे की ओ' असंच म्हणणार. त्यात खोटेपणा नाही, माया आहे. पण त्यातून तुमच्या पानाबद्दल काहीच कळत नाही. कसं वाटलं, हे विचारूच नका. त्यांचाच फोन त्यांच्या हातात राहू दे, त्यांचाच खरा हिशोब उघडू दे आणि एक काम सांगा : 'दिवाळीच्या तिमाहीत तुमच्या अमुक अभंगाचे किती पैसे आले, तेवढं शोधा.' मग गप्प बसा. बोट चुकीच्या जागी गेलं तरी सांगू नका. सगळ्यात अवघड हेच आहे, पण तुम्ही तोंड उघडलंत की चाचणी तुमची होते, पानाची राहत नाही.

दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच पोर्टलसाठी मी अनगोळच्या एका पेटीवाल्या काकांजवळ बसले होते. त्यांनी आधी चष्मा लावला, मग कपाटातून बँकेचं पासबुक काढलं. आलेखाकडं पाहिलंसुद्धा नाही. पासबुकातल्या १०,८०० या आकड्यावर एक बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते फोनवर तोच आकडा शोधू लागले. फोनवर ठळक अक्षरात होते १२,०००. वर-खाली करून पाहिलं आणि फोन खाली ठेवून म्हणाले, 'हा हिशोब माझा नव्हे.' कंपनीनं एक पैसा बुडवला नव्हता. रॉयल्टीवर दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), म्हणजे १,२०० रुपये कापले गेले होते. ती वजावट तिसऱ्या पानावर, एका इंग्रजी तक्त्याच्या तळाशी होती.

तुमच्याकडचे फोन याच जागेवरून येत असणार, असं मला वाटतं. आलेख खाली न्या, काढून टाकलेत तरी चालेल. अगदी वर, पासबुकात दिसते तीच रक्कम आणि ती जमा झाल्याची तारीख. तिच्याखाली साध्या ओळी : एकूण रॉयल्टी, वजा टीडीएस, वजा उचल, हातात आलेले. पॅन दिलेला नसेल तर कपात साधारण वीस टक्के होते. तसं असेल तर तेही तिथंच सांगा आणि पॅन भरायची सोय शेजारीच द्या. कापलेला कर त्यांच्या पॅनवर जमा असतो आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो, ही ओळ जरूर घाला. किती कलाकारांना हे कुणी सांगितलेलंच नसतं! मला याचं फार वाईट वाटतं.

आता तारखा. गाणं वाजतं एका महिन्यात, ॲपकडून कंपनीला पैसे येतात काही महिन्यांनी आणि कलाकाराला मिळतात त्याच्याही पुढं. पत्रकावर नुसतं 'एप्रिल ते जून' छापलं की आषाढी वारीच्या दिवसांत एवढं वाजलेलं गाणं कुठं गेलं, असा प्रश्न येणारच. वाजलं कधी, कंपनीकडं आलं कधी, तुम्हाला दिलं कधी, या तिन्ही तारखा वेगळ्या दाखवा.

दशांशाचंही बघा. ऑनलाइन ऐकण्याचा दर पैशांत, कधी पैशाच्याही अंशात असतो. प्रत्येक ओळ दोन दशांशांपर्यंत कापली की '३ वेळा ऐकलं, ०.०० रुपये' असं दिसतं. ज्यानं आयुष्यभर गळा झिजवला त्याच्या गाण्यापुढं शून्य छापायचं नाही. चार दशांश दाखवा, किंवा महिन्याची बेरीज करून मगच दाखवा. आणि बेरीज मूळ आकड्यांची करा, कापलेल्यांची केलीत तर ओळी आणि एकूण यांचा मेळ बसणार नाही.

माणसं किती घ्यायची? वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेलं अजून उपयोगी पडतं : पाच जणांना बसवा, दिसलेल्या चुका दुरुस्त करा, परत पाच जणांना बसवा. गट अगदी वेगळे असतील तर प्रत्येकातले तीन-चार. तुमच्याकडं भजनी बुवा हा एक गट, स्टुडिओत ठरावीक बिदागीवर वाजवणारे तबलजी-बासरीवाले हा दुसरा. ऑफिसातल्यांना मोजू नका, त्यांना पत्रक आधीच पाठ असतं. एखादी चाचणी जांबोटी-कणकुंबीकडं जाऊन घ्या. तिथं रेंज गेली की तुमचं पान किती जड आहे ते लगेच कळेल.

प्रश्न : माझे वडील अभंगांना चाली लावतात. त्यांचं नाव पॅनवर एक, कॅसेटवर दुसरं आणि कन्नड कागदपत्रांवरून इंग्रजीत आणलेलं तिसरं. काही गाण्यांचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात की काय, अशी शंका येते. कंपनी म्हणते, तुकोबांच्या अभंगावर कसली रॉयल्टी?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी कंपनीचं म्हणणं घेऊ. गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा कॉपीराइट संपतो, तेव्हा तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण चाल वडिलांची आहे, आणि ती मुळातली असेल तर संगीतकार म्हणून तिच्यावर त्यांचा हक्क आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क कंपनीला लिहून देताच येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. वडील आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचे सभासद नसतील तर आधी ते काम करा. गायक-वादकांची संस्था वेगळी, तिचं नाव इसाम्रा (ISAMRA). अर्ज भरताना गोंधळ होतो म्हणून लिहिलं.

नावाच्या घोळाला उपाय आकड्यांचा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तोच अभंग पुन्हा गाऊन रेकॉर्ड केला तर क्रमांक नवा. गाण्यांची यादी क्रमांकांसह मागा, वडिलांच्या शेजारी बसून एकेक गाणं ऐका आणि खूण करा. पॅन आणि बँक खात्यावरचं नाव एकच करून घ्या, बाकीची नावं 'या नावानंही ओळख' म्हणून लेखी कळवा. शहापूरच्या वाचकांनी हेही वाचावं : पोर्टलवर 'माझी गाणी' अशी यादी द्या आणि प्रत्येक गाण्यापुढं 'हे माझं नाही' आणि यादीच्या शेवटी 'माझं एक गाणं यात नाही' अशी बटणं द्या. ती दाबल्यावर पुढं कोण बघणार आणि कधीपर्यंत, तेही तिथंच लिहा.

प्रश्न : पोर्टल मराठीत असावं की कन्नडमध्ये?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्हीत, आणि भाषा बदलली तरी माणूस त्याच पानावर राहिला पाहिजे, परत पहिल्या पानावर फेकला जाऊ नये. गाण्याचं नाव मात्र ज्या भाषेत गायलं त्याच लिपीत ठेवा. आकड्यांत स्वल्पविराम १,२५,००० असे द्या. सीएला द्यायला इंग्रजी प्रत वेगळी मिळू द्या. लॉगिनचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो तेही तपासा. बऱ्याच घरांत नंबर मुलाचा असतो आणि मुलगा नोकरीला पुण्यात किंवा बेंगळुरात. कलाकाराला आपला नंबर स्वतः बदलता यावा, आणि नाहीच जमलं तर ऑफिसात येऊन ओळख पटवून बदलून घ्यायची सोय असावी.